ताईंनी स्वतःच्या नावावर घेतलेली चूक

जमलेल्या माझ्या बायांनो, भावांनो, आणि ताईंच्या घरच्या मंडळींनो, माईक हातात दिलाय खरा, पण परवा ताई गेल्या तेव्हापासून घसा बसलाय. मध्येच रडू आलं तर येऊ द्या. मी पुन्हा सुरू करीन.

मी वंदना. शनवाऱ्यातल्या आपल्या केंद्रात समुपदेशक आहे. घरात मार खाणाऱ्या बाईशी बोलायचं कसं, हे मला निर्मलाताईंनी शिकवलं. इथे बसलेल्यांतल्या कितीतरी जणी त्यांच्याच हाताखाली तयार झाल्या. कुणी केळीवाल्यांच्या घरातली, कुणी पावरलूमच्या मोहल्ल्यातली, कुणी असीरगढपलीकडच्या पाड्यावरची. ताई म्हणायच्या, "आपल्यासारख्या बाईला कुणीही समजून घेईल गं. जी आपल्यासारखी बोलत नाही, जेवत नाही, तिच्यासमोर बसून दाखव."

आणि ताईंची ती चूक? ती तर सगळ्यांना पाठ आहे. प्रत्येक बॅचला पहिल्याच दिवशी ताई सांगायच्या, "मी एकदा एका बाईला मारणाऱ्या घरात परत धाडलं." आठवतं ना?

मग आज ऐका. ती चूक ताईंची नव्हती. माझी होती.

माझं ट्रेनिंग संपत आलं होतं. ताई त्या दिवशी कलेक्टर ऑफिसात गेल्या होत्या. केंद्रात सुरमी आली. बारेला आदिवासी समाजाची, बहादरपूरच्या केळीच्या बागेत कामाला. तिचं नाव मी तिला विचारूनच घेतेय. ती मागे बसली आहे, लेकीसोबत. तिच्या मागोमाग नवरा आणि जेठ, म्हणजे थोरला दीर, आले. ती तिच्या भाषेत बोलायला लागली. मला एक अक्षर कळेना. जेठ म्हणाला, "मॅडम, मैं बताता हूँ ना." मी मनात म्हटलं, बरं झालं बाई, सांगणारा माणूस मिळाला!

ती बोलायची, तो सांगायचा. "कहती है, गलती हो गई. कहती है, घर जाना है." मी भराभरा लिहून घेतलं. राजीखुशी समझौता. अंगठा घेतला. आपल्याकडे भांडण मिटलं की चहा होतो, आणि तो सुनेच्याच हातून द्यायचा असतो. मी सुरमीच्या हातात ट्रे दिला. तिनं नवऱ्याला चहा दिला, जेठाला दिला, मला दिला. मी तो प्यायले. मजेत प्यायले. माझी पहिली केस मिटली होती!

दुपारी ताई आल्या. मी कागद पुढे केला. त्यांनी वाचला आणि विचारलं, "ती म्हणाली, की तो म्हणाला?"

एवढंच विचारलं. कागदावरचा शब्दन् शब्द जेठाचा होता.

आमच्याच बॅचमधली जमुना बारेला होती. तिला घेऊन आम्ही तशाच रिक्षानं बहादरपूरला गेलो. सुरमी बागेच्या कडेला बसलेली. एक डोळा सुजून बंद झालेला. केंद्रातून निघाली तेव्हा तो डोळा धड होता हो.

जमुनानं विचारलं, सकाळी तू काय सांगत होतीस? सुरमी म्हणाली, "मी सांगत होते, मला यांच्यासोबत पाठवू नका. परत परत तेच सांगत होते."

ताई मला ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "वंदना, माफी माग. तिच्या भाषेत." जमुनानं शिकवलं तसं मी चिखलात बसून म्हटलं. सुरमीनं जमुनाला दोनदा विचारलं, ही काय म्हणतेय? तिला खरंच वाटेना. मग ती उठली, लेकीला काखेत घेतलं आणि आमच्यासोबत निघाली.

पुढच्या बॅचला ताईंनी ही गोष्ट सांगितली आणि "मी" म्हणाल्या. मी जेवणाच्या सुट्टीत त्यांना गाठलं. "ताई, हे काय?" तर म्हणाल्या, "अगं, सांगितली नाही तर पुढची पोरगी हेच करेल. आणि तुझं नाव घेतलं तर तू काम सोडून पळशील. ओळखते मी तुला. झेपेल तेव्हा तू सांग."

मला झेपलंच नाही, ताई. दर बॅचला मी मागे बसून ऐकत राहिले. एकदा एक नवी पोरगी तुम्हाला तोंडावर म्हणाली, "दीदी, आपने ऐसा कैसे किया?" तुम्ही मान खाली घालून म्हणालात, "झालं गं माझ्याकडून." मी तिथेच होते. मी डबा उघडून बसले होते. लाज वाटते मला.

मागच्या महिन्यात दवाखान्यात ठरवून गेले होते, आज ताईंना सांगायचं की पुढच्या वेळी मी बोलते. तुम्हाला झोप लागली होती. कपाळावरून हात फिरवला आणि परत आले. वाटलं, उद्या सांगू.

तर ताई, आज सांगितलं. तुमच्या लेकींसमोर, सुरमीसमोर. उशीर झाला. तुम्ही ऐकायला हव्या होतात.

सोमवारी नवी बॅच बसतेय. पहिल्या दिवशी तुमच्या जागी मी उभी राहणार आहे, आणि गोष्ट सांगताना "मी" म्हणणार आहे.

सगळ्यांनी उभं राहा. आपल्या ताईंसाठी थोडा वेळ कुणी काही बोलू नका.