मंगळवारी मी बोलत नाही

...आणि वर मलाच विचारतात, "तेव्हा बोलला का नाहीत?" आता काय सांगायचं? तुम्हाला सांगते, सोमवारी विचारलं असतं तर बोलले असते, बुधवारी विचारलं असतं तर मला आवरणं कठीण झालं असतं, आमच्या घरी कोणालाही विचारा. पण नगरपरिषदेने सभा ठेवली नेमकी मंगळवारी. आणि मंगळवारी मी बोलत नाही.

मौन असतं माझं. सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत. दीड वर्ष झालं, लेकीसाठी धरलंय. ती राहते शहराच्या पार त्या टोकाला, दोन बस बदलून दीड तास, कारण आमच्या भागात घर मिळतच नाही. नात तेव्हा चार वर्षांची होती, तिने आईला विचारलं, "आजी फोनमध्येच राहते का गं?" झालं... त्याच दिवशी देवापुढे बसले आणि म्हटलं, लेक जवळ राहायला येईपर्यंत दर मंगळवारी तोंड उघडणार नाही. आमचे हे म्हणाले, "नवस तुझा, पण पावला मला." हसतात मला. आता मंगळवारी त्यांचं वर्तमानपत्र म्हणे पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचून होतं.

तर तो आराखडा आला. पुढच्या वीस वर्षांत शहर कसं वाढवायचं, त्याचा. त्यात पानोपानी एकच शब्द, घनता. मला वाटलं दूध आटवण्यासारखं काहीतरी असेल. ह्यांनी समजावलं, "अगं, एका गल्लीत किती माणसं राहू द्यायची, ते. आता आपल्याकडे एकच मजला चालतो, उद्या चार चालतील." चार मजले? म्हणजे आमच्या डोक्यावर लेक, तिच्या डोक्यावर... जाऊ दे, मी त्याच संध्याकाळी मनातल्या मनात पडदेसुद्धा शिवून ठेवले. आणि उत्साहाच्या भरात दुसऱ्या दिवशी जाऊन बोलणाऱ्यांच्या यादीत नाव नोंदवलं. तारीख बघितली का? नाही. तारीख बघेल ती मी कसली. घरी येऊन कॅलेंडर पाहते तर मंगळवार.

मोडायचं का मग मौन? ह्यांनी विचारलंच. पण तुम्हीच सांगा, दीड वर्ष गप्प बसायचं आणि नेमकं फळ समोर दिसायला लागल्यावर तोंड उघडायचं? देव म्हणेल, बाई, थोडी कळ काढली असतीस. म्हणून मी बसून चांगलं चार पानी निवेदन लिहिलं, स्वच्छ अक्षरात, आणि गेले एकटीच, कारण ह्यांचा गुडघा धरलेला.

दारात कारकून. मी कागद पुढे केला. म्हणाला, "मावशी, लेखी सूचनांची मुदत शुक्रवारीच संपली. आज फक्त तोंडी." फक्त तोंडी. आणि मंगळवारी मी बोलत नाही.

आत गेले तर शेजारच्या खुर्चीवर आमच्याच गल्लीतले गुलाबवाले काका. उंच इमारत झाली तर गुलाबांवर सावली पडेल म्हणून तीन महिने रात्रंदिवस सह्या गोळा करणारे. म्हणाले, "वहिनी, तुम्ही आलात, बरं वाटलं. आपल्याच बाजूच्या ना?" मी जोरजोरात मान हलवली, नाही, नाही. तर म्हणतात, "नाही कशा? असणारच." आणि माझ्या खांद्यावर एक बिल्ला टोचला. माझा चष्मा पर्समध्ये. मला वाटलं, नंबराचा असेल. त्याच्यावर लिहिलं होतं, 'आमची गल्ली, आमचं ऊन'. हे मला कधी कळलं? घरी आरशात. तेही उलटं.

नाव पुकारलं. माइकसमोर उभी राहिले. अध्यक्षबाई गोड आवाजात म्हणाल्या, "बोला ताई, तीन मिनिटं आहेत." मी निवेदन वर धरलं. "लेखी नको हो, बोला." मी ओठांवर बोट ठेवलं, मौन आहे हे सांगायला. तर अख्खं सभागृह चिडीचूप. मी चार बोटं दाखवली, चार मजले हवेत म्हणून. छातीवर हात ठेवला, माझी लेक म्हणून. मग हात जोडले, आणि काय सांगू, नातीचा तो प्रश्न आठवला नि डोळ्यांतून धारा लागल्या. तीन मिनिटं. घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. पहिल्या रांगेतले एक नगरसेवक चष्मा काढून पुसायला लागले. मला वाटलं, पोहोचलं. अक्षरही न बोलता पोहोचलं. आयुष्यभर उगाच बोलत राहिले.

दुपारी निकाल. सगळ्या शहरात चार मजले मंजूर. आमची गल्ली सोडून. 'एका भगिनीच्या हृदयस्पर्शी मूक विरोधाचा आदर राखून' आमची गल्ली वगळली. गुलाबवाले काकांनी टाळ्या काय वाजवल्या, पेढा मिळाल्यासारखं तोंड काय केलं.

लेकीचा फोन आला तेव्हा सूर्य मावळायला सात मिनिटं होती. "आई, बातम्यांमध्ये तू दिसलीस. अगं, काय केलंस हे? आई? बोल ना." सात मिनिटं मी फोन कानाला लावून उभी, एक डोळा खिडकीकडे. सूर्य तरी कसला, त्याला त्या दिवशी घाईच नव्हती. मावळला तेव्हा पहिलं वाक्य तोंडातून निघालं, "जेवलीस का?" ती हसली की रडली, अजून कळलेलं नाही.

पण आशा सोडेन तर ती मी कसली. हे म्हणाले, अपील करता येतं. लगेच अर्ज टाकला. काल सुनावणीचं पत्र आलं. आधी कॅलेंडर काढलं... बुधवार. देवापुढे दिवा लावला, आणि कुठून सुरुवात करायची याची आंघोळ करताना तालीमसुद्धा केली. मग ह्यांनी चष्मा लावून पत्राची खालची बारीक ओळ वाचली, 'अपील फक्त लेखी. तोंडी म्हणणे ऐकले जाणार नाही. मर्यादा एक पान.'

एक पान. माझं म्हणणं, आणि एका पानात. आज सकाळीच त्या कारकुनाला जाऊन गाठलं, म्हटलं, बाबा रे, दीड वर्षाचं साठलंय, ओळींच्या वरच्या मोकळ्या जागेत आणखी ओळी लिहिल्या तर चालतील का? त्याने आराखडा मिटला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "नाही मावशी. तुमच्या गल्लीत एकच मजला."