तीनशे बारा नंबरची टाइल

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या कारखान्याचे संचालक. व्यासपीठावर बसलेले मार्केटिंगचे साहेब. भट्टीचे मुकादम, ज्यांना आपण सगळे प्रेमानं थर्मामीटर म्हणतो. रंगखोलीतून आज निवृत्त होणाऱ्या आपल्या मॅडम. त्यांना न्यायला आलेल्या त्यांच्या कन्या आणि जावई. आणि साच्यापासून पॅकिंगपर्यंतच्या माझ्या सर्व सहकाऱ्यांनो,

बोलणं हे माझं काम नाही. सतरा वर्षं मॅडमनी ग्लेझचा रंगीत लेप कालवायचा आणि मी वजनकाटा सांभाळायचा, असं आमचं चाललं. आपण घरोघरी जी बेसिनं आणि फरश्या पाठवतो, त्यांचा प्रत्येक रंग आधी आमच्या खोलीत जन्मतो. तुम्ही सगळे मॅडमना ताई म्हणता. मी कधीच म्हटलं नाही. "अगं, इतकी वर्षं झाली, तूही ताई म्हण की," असं त्या एकदा म्हणाल्या. मी म्हटलं, "नको, मॅडमच बरं." का, ते त्यांनी विचारलं नाही.

एखादी आठवण सांगा, असं आयोजकांनी बजावलंय. सांगते.

मार्केटिंगला त्वचेच्या रंगाचं बेसिन हवंय, असं बारा वर्षांपूर्वी मॅडमनी मला सांगितलं. मग दर शनिवारी भट्टी निवली की एक नवी टाइल निघायची. साच्यातली नव्हे. मॅडम ती हातानं थापायच्या, मनगटावर नीट बसावी म्हणून मध्ये जराशी खोलगट. खिडकीपाशी त्या माझी बाही कोपरापर्यंत वर करायच्या, ती कोमट टाइल माझ्या हातावर ठेवायच्या आणि विचारायच्या, "जमला का?" मी म्हणायचे, "थोडा लाल हवा." पुढच्या शनिवारी, "आता जास्तच लाल झाला." थर्मामीटर दारातून म्हणायचे, "अहो, एवढ्या वेळा भाजून माणूससुद्धा पक्का झाला असता." हसा, आम्हीही हसायचो.

सहा वर्षांनी मॅडम म्हणाल्या, मार्केटिंगनं बेत रद्द केला. शनिवार संपले.

गेल्या सोमवारी मी चार्ज घेतला. या रंगाच्या मागणीची फाइल काही सापडेना, म्हणून साहेबांकडे गेले. साहेब, तुमचेच शब्द सांगते: "आम्ही असं काही मागितलंच नव्हतं. कातडीच्या रंगाच्या बेसिनमध्ये तोंड कोण धुणार?"

मग मी मॅडमची चाचण्यांची वही उघडली. शेऱ्याच्या रकान्यात त्या एकेक शब्द लिहीत. फिकट. डाग. तडा. टाइल क्रमांक तीनशे बारा, तिथे मात्र लिहिलंय, "हुबेहूब. पण ती नाही म्हणाली." त्यानंतर चार टाइल्स आहेत, शेऱ्याविना. पुढची पानं कोरी.

अध्यक्ष महोदय, चिठ्ठी मिळाली. दोन मिनिटांत आवरते.

एक तांत्रिक दुरुस्ती तेवढी नोंदवायची आहे. तीनशे बारामध्ये रंग जमला होता. टाइल कुठे संपते आणि माझा हात कुठे सुरू होतो, ते मलाही दिसेना. तरी मी म्हटलं, "थोडा लाल हवा." जमला म्हटलं असतं तर काम संपलं असतं, आणि पुढच्या शनिवारी माझी बाही कोणी वर केली नसती. मला काय झालंय ते मला पक्कं ठाऊक होतं. एका बाईला दुसऱ्या बाईबद्दल ते होतं, हेही ठाऊक होतं. ते दोघींना झालंय, एवढंच माहीत नव्हतं. मॅडमनी सहा वर्षं एकच प्रश्न विचारला आणि मी दर वेळी रंगाबद्दल बोलत राहिले.

तिसऱ्या ओळीत माझे यजमान बसलेत. भला माणूस आहे. घरी ते विचारतील, आणि मला सांगावं लागेल.

मॅडम, तुमचं सामान जावयांच्या मोटारीत चढलंय. लेकीनं तुमची खोली लावून ठेवली आहे. थांबा म्हणायला माझ्याकडे काही जागा नाही. वहीतला शेराही मी बदलू शकत नाही, वही कारखान्याची आहे.

आपण सर्वांनी एवढं शांतपणे ऐकून घेतलंत, त्याबद्दल मनापासून आभार. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर सभागृहानं पदरात घ्यावं. जे इतकी वर्षं बोलले नाही, त्याची क्षमा मात्र मी एकट्या मॅडमकडे मागते. त्यांनी इथे काही म्हणायला हवं असं नाही. स्टेशनातून गाडी सव्वापाचची आहे, मला माहीत आहे.