दुधाला असला व्हॉल्व्ह लागणार कशाला?

...न्हाय म्हणजे न्हाय, विजू, सही मिळायची न्हाय! आमच्या पुतण्याला, विजयसिंहाला, हे सांगून सांगून माझा घसा बसला, आणि त्याचं एकच पालुपद, "काकू, चाळीस व्हॉल्व्ह खोक्यात बसल्यात, तुमच्या एका सहीवाचून दिल्लीचा निर्यात परवाना अडलाय!" अडू दे की! तुम्हाला सांगते, मी चौथी शिकलेली, मालक गेल्यावर कारखाना माझ्या नावावर आला, लेथ माझी मीच शिकले, आजबी शिरोलीच्या एमआयडीसीत मी पाडलेल्या आट्यांना नाव ठेवायची कुणाची टाप न्हाय... तर हे व्हॉल्व्ह साधे न्हाईत, जहाल ॲसिड पचवणारे, विषारी गॅसच्या कारखान्यातबी चालत्यात, म्हणून तर सरकार विचारतंय, माल कुणाला, आणि लागणार कशाला? परदेशातल्या गिऱ्हाइकानं लिहून दिलं, दूध डेअरीला. डेअरी! कोल्हापूरच्या बाईला डेअरी शिकवतोय! अवो, दुधाला साधं स्टील पुरतं, हे लागणार कशाला?

लावला त्या गिऱ्हाइकालाच फोन. म्हटलं, "भाई, दूध भैंस का की गाय का?" "जी... दोनों." "फॅट कितना लगता है?" "जी... पूरा." "बरं, दूध कितने बजे आता है?" तर म्हणतो कसा, "मॅडम, ऑफिस टाइम में." ऑफिस टाइमात म्हशी पिळत्यात व्हय रं?

विजू म्हणतो, "काकू, माल फाटकाबाहेर गेला की आपला संबंध संपला." संबंध संपला? माझं पोरगंबी फाटकाबाहेर गेलंय, कॅनडात, बारा वर्षं झाली... संपला म्हणू? आणि एकेका व्हॉल्व्हवर मी माझ्या हातानं नंबर ठोकलाय. उद्या कुणाच्या गावात त्यातनं विष सुटलं, तर नंबर कुणाचा निघंल?

आता खरं सांगू? ह्या घरात येणारा माणूस एकटा विजूच. आठवड्यातनं दोनदा. तोबी कागद घेऊनच येतो, कळत न्हाय व्हय मला? मी तरी त्याला लागणार कशाला? सहीला! पण तेवढ्यापायी दोन ताटं मांडायला मिळत्यात...

तर विजू ताडकन उठला, पायताणात पाय घातला, "काकू, शेवटचं विचारतो! सही न्हाय केली तर ह्या उंबऱ्यात पुन्हा पाय ठेवणार न्हाय!"

मी पेनाला टोपण घातलं आणि म्हटलं, "नको ठेवू. पण आजच्या भाकरी दोघांच्या थापल्यात, तेवढ्या खाऊन जा."