पंधरा हजार अक्षरांचा पाहुणा

...काडी नाकातून गेली ती थेट मेंदूची विचारपूस करूनच परत आली, तुम्हाला सांगतो! आणि घालणारी कोण? माझीच लेक! "बाबा, डोकं मागे. हलू नका." अगं, शिंका धुळीच्या आहेत... पण ऐकते कुठे! तिच्या प्रयोगशाळेत विषाणूंची अक्षरं, म्हणजे त्यांची जनुकं, वाचतात, आणि तिची भाची, म्हणजे माझी नात, दवाखान्यात नाकाला प्राणवायूची नळी लावून पडलेली. वर्षाचीसुद्धा नाही. श्वास घेताना बरगड्यांमधली कातडी आत ओढली जायची... एवढासा जीव हो!

शेजारी विहीणबाई, त्यांच्याही नाकात काडी घालून झालेली. "पोरीचे मुके घेऊ नका, म्हटलं होतं!" मी? अहो, खोकत कोण आलं होतं? म्हटलं, येऊ दे निकाल, कळेलच कुणाची कृपा ते!

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजोबा, विषाणूइतकाच त्रास सुजेचा आहे. तिच्याच शरीराची फौज, पहिलीच लढाई, शत्रू अनोळखी, म्हणून धुमाकूळ. श्वासनळ्या आधीच बारीक. पोर दमली, तर श्वासाचं मशीन लावावं लागेल."

दमली तर...

तेवढ्यात लेकीचा फोन, स्पीकरवर. "बाबा, अख्खा विषाणू पंधरा हजार अक्षरांत लिहिलेला असतो." पंधरा हजार! तेवढ्या अक्षरांत विहीणबाईंचं 'कसे आहात' संपत नाही! आणि ह्यानं सगळं बसवलंय! पेशीला चिकटायचं कसं, आत घुसायचं कसं, फौजेची धोक्याची घंटा दाबायची कशी... एवढासा जीव! "जीव कसला, बाबा? तो धड जिवंतही नाही."

"आणि तुमचा, तुमच्या विहीणबाईंचा, पोरीचा... विषाणू एकच."

"कुणी कुणाला दिला?" आम्ही दोघंही ओरडलो.

"ते यावरून नाही कळत."

घ्या! म्हणजे तीच अक्षरं माझ्यात येऊन दोन शिंका देऊन गेली, कारण माझी फौज त्या विषाणूला जन्मभर ओळखते, आणि तिकडे ही पोर लढता लढताच लढाई शिकत होती! कुणी शिकवलं हो तिला? विहीणबाई आणि मी काचेतून नुसते तिची छाती बघत बसलो... वर, खाली... वर, खाली... आणि दुसऱ्या दिवशी आमच्या छोट्या बाईसाहेबांनी स्वतःच नळी उपटली आणि असा टाहो फोडला!

डॉक्टरीणबाई हसल्या. "रडू दे. रडायला श्वास पुरतोय."

विहीणबाईंनी रडत रडत माझाच रुमाल ओढून घेतला. एवढासा जीव हो!

आता घरी आलीय. हा विषाणू पुन्हा येईल म्हणे, पण इतका नडणार नाही. काल मांडीवर घेतली, तर तोंडावर सणसणीत शिंकली. मी म्हटलं, शाब्बास! आणि मागून आवाज...

"बाबा, हा विषाणू नवीन दिसतोय. डोकं मागे."

घेतलं.