"येतो" म्हणायची सवय

तुम्हाला खोटं वाटेल, पण माझ्या एका शब्दापायी एक आजी आठवडाभर दुपारची उपाशी राहिली.

उदगीरला आमच्या चर्चनं ब्रह्मदेशातून जीव वाचवून दिल्लीमार्गे आलेल्या एका आजीला आणि तिच्या नातीला आसरा दिला. मंडळीतल्या घरांनी कामं वाटून घेतली. कुणी खोली दिली, कुणी किराणा, कुणी दवाखाना बघितला. मी रोज दुपारी पाण्याचा जार ठेवायचो, खाली बघून "येतो" म्हणायचो आणि निघायचो.

एक दिवस चर्चचे पाळक म्हणाले, "आजी दुपारी जेवतच न्हाई. मन लागत नसंल तर दुसरीकडं पाठवावं लागंल."

मला लई वाईट वाटलं. त्या दुपारी रिकामा जार राहिला म्हणून मी परत फिरलो. पडद्यातून पिवळं ऊन खोलीभर झिरपत होतं. दोन ताटं झाकलेली, आणि आजी स्वप्नात असल्यासारखी दाराकडं बघत बसलेली.

नात दिल्लीत शिकलेल्या मोडक्या हिंदीत म्हणाली, "येतो मतलब आता हूँ ना? तुम रोज बोलता, फिर आता नहीं. नानी बोलती, मेहमान से पहले कैसे खाना?"

पाळकांना सांगितलं, तर ते हसून म्हणाले, "मग उद्यापासून 'जातो' म्हण."

दुसऱ्या दिवशी जार ठेवून उंबऱ्यात थांबलो. भरल्या घरातून निघताना "जातो" म्हणायला जीभ वळेना. शेवटी चप्पल काढली आणि ताटावर जाऊन बसलो.

आजी पहिल्यांदा मराठीत बोलली, "आला."