दीपगृहातला माणूस मामा की काका?

...नाही, तुम्हीच सांगा, तोंडात ते घर्रर्र करणारं मशीन फिरतंय, जबडा आ वासलेला, डोळ्यांतून पाणी, आणि दातांचा डॉक्टर माझ्या कानाशी वाकून विचारतोय, "त्या दीपगृहाच्या मालिकेचं मराठी तुम्हीच करता ना? अहो, तो मामा कसा असेल? काका आहे काका!" आता मी काय बोलणार? "आं... आं..." केलं. तर हा नर्सला म्हणतो, "बघा, कबूल केलं!" अहो, कबूल कसलं, दाढेत भोक पाडताय माझ्या! आणि मुळात माझा काय संबंध? मालिका मी काढली? तो माणूस मी जन्माला घातला? मी फक्त खालची ओळ लिहितो हो!

तुम्हाला सांगतो, चित्राखाली ती अक्षरं येतात ना, तो माझा धंदा. जपानी कार्टून... कार्टून म्हणायचं नाही, अ‍ॅनिमे म्हणायचं, नाहीतर आमची कन्या ताटावरून उठते. तर एक दीपगृह, त्यात एक चाळिशीचा, दाढी वाढलेला माणूस आणि एक आठ वर्षांची पोरगी. आईबाप नाहीत. ती त्याला एका शब्दाने हाक मारते. आणि तो शब्द म्हणजे काय, तर तिकडे तो आईच्या भावाला चालतो, बापाच्या भावाला चालतो, आत्याच्या नवऱ्याला चालतो, बसच्या रांगेतल्या अनोळखी माणसालाही चालतो! एका शब्दात अख्खं खानदान उरकलं! आणि आपल्याकडे? साधी हाक मारायची तर आधी वंशावळ उघडून बसावं लागतं.

बरं, कंपनीची रीत अशी, की आठवड्याला एकच भाग पाठवायचा. पुढे काय होतं ते विचारायचं नाही, गुपित फुटेल म्हणून. म्हणजे पहिल्याच भागात नातं मी ठरवायचं आणि नातं आहे की नाही ते मला चोविसाव्या भागात कळणार! कंपनीतल्या बाईंना फोन केला, "मामा की काका?" तर त्या गोड आवाजात, "सर, असं करा ना, 'नातेवाईक' लिहा." अहो बाई, त्या पोरीला भूक लागल्यावर ती काय "अहो नातेवाईक, जेवायला वाढा" म्हणेल? त्यांनी फोन ठेवला.

मग मी बघितलं, तो माणूस पोरीच्या आईच्या फोटोवरची धूळ पुसतोय, आणि पुसता पुसता डोळे पुसतोय. म्हटलं, झालं! भाऊ आहे! दिलं ठोकून, मामा. पुढच्या ओळीवर गेलो.

आणि पेटलं ना! दुसऱ्या दिवशी इंटरनेटवर दोन तट, मामा-पार्टी आणि काका-पार्टी. एकाने चाळीस पानांचा लेख लिहिला, का, तर पोरीच्या बापाच्या नाकाचा कोन आणि या माणसाच्या नाकाचा कोन सारखा आहे, म्हणून सख्खा काका! पट्टी लावून मोजलाय कोन! अरे शहाण्या, त्या मालिकेत सगळ्यांना तेच नाक आहे! दूधवाल्याला तेच आहे! मांजराला तेच आहे! दुसरा म्हणतो, तो बापच आहे, लपून राहतोय. तिसरा आणखी थोर, "मूळ जपानी शब्दच ठेवायला हवा होता." ठेवा ना! सगळेच ठेवा! मी जातो भाजी आणायला! आणि शिव्या कोणाला? ज्याने मालिका काढली, तो तिकडे गप्प. ज्याने नाक काढलं, तो गप्प. सापडलो मी. मी फक्त खालची ओळ लिहितो हो!

पण ते सगळं मी गिळलं असतं. मला लागलं ते वेगळंच. दर शनिवारी सकाळी कन्या आणि मी असल्या मालिका एकत्र बघायचो. चौदा वर्षांची आहे, बापाशी बोलण्यासारखं तिच्याकडे एरवी काही नसतं, "चार्जर कुठाय" सोडून. तेवढा एक अर्धा तास माझा होता. मामा आला आणि तिसऱ्या शनिवारी ती बसलीच नाही. "शाळेत सगळे मला 'मामावाल्याची मुलगी' म्हणतात," म्हणाली, आणि दार आपटलं. बायको म्हणते, "एका शब्दासाठी पोरगी तोडलीत, बदला ना!" अहो, बाहेर गेलेली ओळ बदलायची म्हणजे चूक कबूल करायची. मी काय खुर्चीत 'आं आं' करतोय का आता?

आणि काका-पार्टीचा पुढारी कोण, माहितेय? 'वादळवात' नावाचं कोणीतरी. भयंकर माणूस. रोज सकाळी माझी सालटी काढायचा. मी मनात त्याला साठीचा, दमेकरी, घरात कोणी विचारत नाही असा म्हातारा ठरवून टाकला होता. तर एक दिवस त्याने लिहिलं, "या अनुवादकाला त्याच्या मामाने वाढवलंय. म्हणून त्याला चांगला माणूस दिसला की मामाच दिसतो." 

वाचलं आणि गारच झालो. खरं आहे हो. घड्याळं दुरुस्त करायचा माझा मामा. वडील गेल्यावर मला आणि आईला त्याने घरी नेलं, दुकानातल्या टेबलाखाली बसून मी अभ्यास केला. पण हे बाहेर कोणाला ठाऊक? कोणालाच नाही! मी तसाच उठलो आणि शेजारच्या खोलीचं दार वाजवलं. आत वादळवात बसली होती, पायजमा घालून, केस न विंचरता.

असा चिडलो, असा चिडलो! "घरचं चव्हाट्यावर मांडतेस?" तर ती शांतपणे, "बाबा, काका कोणालाही म्हणता येतं. रिक्षावाल्यालाही म्हणतो आपण. काका लिहिलं असतंस तर उत्तर झाकलेलं राहिलं असतं. तू सगळ्यांच्या आधी उघडलंस, तेही चुकीचं." पंचवीस वर्षं या धंद्यात काढली मी. पंचवीस! आणि ही मला अनुवाद शिकवतेय! म्हणून मीही दार आपटलं. आमच्या घराची दारं आता नीट लागत नाहीत.

आला चोविसावा भाग. पोरगी विचारते, "तुम्ही माझे कोण?" आणि तो म्हणतो, "कोणीच नाही. दिवा दुरुस्त करायला आलो होतो. तू एकटी होतीस, म्हणून राहिलो." घ्या! मामा नाही, काका नाही, बाप नाही! कारागीर! आणि ते फोटोपुढचे अश्रू? ती धूळच गेली होती डोळ्यांत! कंपनीच्या बाईंचा फोन, गोड आवाज, "सर, तीनशे अकरा जागी काका करून द्या ना." केलं. एकेक मामा पुसला, एकेक काका बसवला. तीनशे दहा झाले.

राहिला शेवटचा. तो माणूस होडीत बसून निघालाय, तो आपला कोणी लागत नाही हे आता पोरीला कळलंय, तरी ती धक्क्यावरून ओरडते, तीच हाक, तोच शब्द. मी 'काका' लिहायला बोटं ठेवली, तर मागून स्टूल सरकल्याचा आवाज. कन्या! कधी येऊन बसली होती कोण जाणे. कंपनीचं गुपित घरच्यांनाही दाखवायचं नसतं, पण एवढ्या आठवड्यांनी शेजारी बसलेल्या पोरीला ऊठ म्हणू? नाक ओढत म्हणाली, "बाबा, इथे मामाच ठेव."

ठेवला. तीनशे दहा काका आणि एक मामा. मला माझा मामा आठवला, आणि रडलो मी, हो, रडलो, लपवतोय कशाला!

आता बघा, काल तो भाग बाहेर पडला. आणि जे आजवर एकमेकांचं तोंड बघत नव्हते, ते मामावाले आणि काकावाले गळ्यात गळे घालून माझ्यावर तुटून पडलेत! "या अनुवादकाला हाकला" म्हणून अर्ज फिरतोय, नऊ हजार सह्या. पहिली सही कोणाची? वादळवात! धावत गेलो तिच्या खोलीत. म्हटलं, "अगं, तूच सांगितलंस ना!" तर मान वर न करता म्हणते कशी, "बाबा, तू समजून घे ना, मला माझी पार्टी सांभाळायला नको? आणि शनिवारी नवीन मालिका आहे, मी बसणार आहे हं तुझ्याजवळ." घ्या. मी काय बोलणार? मी फक्त खालची ओळ लिहितो हो.