बाबांचे दहा मुद्दे

मी कोणाचंच ऐकून घेत नाही म्हणता ना? मग हे ऐका. मी अकोल्याला इंटरला होते. कॉलेजात वादविवाद ठेवला, 'मुलींना उच्च शिक्षण द्यावे काय?' बाजू ऐन वेळी चिठ्ठी काढून ठरणार होती, म्हणून दोन्हीकडचे मुद्दे जमवायचे होते. विरोधातले आमच्या वकील बाबांनी झोपाळ्यावरून धडाधड दहा सांगितले. दहावा होता, "बायकांच्या डोक्यात एवढं राहत नाही."

आईची शाळा चौथीतच सोडवली होती. ती चुलीपासूनच म्हणाली, "अवो, चौथा न् सातवा एकच हाये. नऊच झाले."

मी बाबांदेखत वहीतल्या दहाव्या मुद्द्यावर काट मारली.

"नऊ नाही आई, आठच. दहावा तर तू आत्ताच खोडला."